तापवलीच्या पोटात काय आहे

नववीच्या वर्गात भिंतीवर जगाचा नकाशा लटकत होता आणि अस्मिता गोताड हातातल्या पट्टीने पॅसिफिक महासागराच्या कडेकडेने फिरत होत्या. 'सक्रिय ज्वालामुखी कुठे आढळतात' हा धडा त्या सत्ताविसाव्यांदा शिकवत होत्या. तरी दर वर्षी त्यांचा आवाज इथे जरा चढायचाच. भूगोलात त्यांना सगळ्यात आवडणारा धडा हाच.

"पृथ्वीचं कवच अखंड नाही. फुटक्या माठासारखं आहे, तुकड्यातुकड्यांचं. जिथे एक तुकडा दुसऱ्याच्या खाली घुसतो, तिथे ज्वालामुखी. जपान, इंडोनेशिया, चिली. जिथे दोन तुकडे फाटून लांब जातात, तिथे ज्वालामुखी. आइसलँड, पूर्व आफ्रिका. आणि क्वचित तुकड्याच्या मधोमध, खालून उष्णतेचा झोत येतो तिथे. उदाहरणार्थ हवाई. आता सांगा, कुठे नाहीत?"

"ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर नाहीत, बाई."

"बरोबर. आणि आपल्याकडे?"

"फक्त अंदमानात. बॅरन बेट."

"का?"

"तिथे आपला तुकडा खाली घुसतो."

"शाब्बास. आपला सगळा सह्याद्री लाव्ह्याचाच आहे, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा आपण एका झोतावरून जात होतो. तो झोत आज दक्षिणेला रियुनियन बेटाखाली आहे. तवा पुढे सरकला, चूल तिथेच राहिली."

मुलं हसली. तेवढ्यात बाकाखालून एक फोन वाजला, मग दुसरा, मग वर्गातले सगळेच. बाई ओरडणार होत्या, पण पहिल्या बाकावरची मुक्ता रडवेली होऊन म्हणाली, "बाई, आपलं गाव लाल झालंय."

'पाताळदर्शन' येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. इंटरनेटसाठी गावोगावी जमिनीत पुरलेल्या काचेच्या तारा हेच त्या यंत्राचे कान. तारेतून प्रकाशाचा किरण सोडायचा. जमीन केसाच्या हजाराव्या भागाएवढी जरी हलली तरी तार ताणली जाते आणि परत येणारा प्रकाश किंचित बदलतो. समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर आपटतात त्याची थरथर रात्रंदिवस जमिनीतून चालू असते. ती कुठे भरभर पोचते, कुठे रेंगाळते, हे लाखो ठिकाणी मोजून संगणक जमिनीच्या पोटाचं चित्र काढायचा. घट्ट थंड खडक निळा, त्याहून सैल तो हिरवा आणि जिथे लहरी फार रेंगाळतात तो लाल. कुणीही फोनवर आपल्या घराखाली काय आहे ते बघावं. लोकांना याचं वेडच लागलं होतं. मुलगी देण्याआधी लोक सासरचा रंग बघू लागले होते.

त्या सकाळी राज्य भूसुरक्षा प्राधिकरणाने अडतीस गावं 'संभाव्य ज्वालामुखी क्षेत्र' म्हणून जाहीर केली. सातव्या क्रमांकावर शास्त्री नदीच्या खोऱ्यातली तापवली होती. तापवलीत गरम पाण्याची तीन कुंडं आहेत, तिथल्या पाण्यात तांदळाची पुरचुंडी सोडली तर पाऊण तासात भात होतो. त्या कुंडांखाली चार किलोमीटरवर टोमॅटोएवढा लाल डाग दिसत होता.

"बाई, मग तुम्ही आत्ता सांगितलं ते खोटं?" मुक्ताने विचारलं.

बाईंनी पट्टी टेबलावर ठेवली. "खोटं नाही. आपल्या पाण्याला ऊन करायला लाव्हा लागत नाही. पाऊस भेगांतून दोन-तीन किलोमीटर खाली जातो, तिथे सगळीकडेच खडक तापलेला असतो, तिथून पाणी गरम होऊन वर येतं. एवढंच आहे ते."

"पण चित्रात लाल आहे ना?"

"मी बघते," बाई म्हणाल्या. प्राधिकरणाचा अहवाल तीनशे पानांचा होता. दुपारच्या सुट्टीत त्यांनी तो शेवटून उघडला. शेवटच्या पानावर चार सह्या होत्या. तिसरी सही होती डॉ. सलोनी धनावडे, वरिष्ठ भूभौतिकशास्त्रज्ञ.

सलोनी याच शाळेतली. तिचे वडील बोटीवर आणि आई आजारी, म्हणून अकरावी-बारावीची दोन वर्षं ती बाईंच्या घरी राहिली होती. तिला डॉक्टरेट मिळाली तेव्हा बाईंनी शाळेत पेढे वाटले होते.

त्यांनी फोन लावला. सलोनीने उचलला नाही.

*

पुढचे दोन महिने तापवलीची दशा झाली. आरोग्य उपकेंद्र हलवलं. लाल पट्ट्यात रुग्णवाहिका आणि एसटी जाणार नाही असा फलक फाट्यावर लागला. पतपेढीने शटर ओढलं. शाळेची मान्यता 'तात्पुरती स्थगित' झाली. तालुक्याच्या गावी पत्र्याच्या शेड उभारून त्यांना संक्रमण शिबिर नाव दिलं आणि संमतिपत्रांवर सह्या घ्यायला माणसं दारोदार फिरू लागली.

अस्मिताबाईंच्या घरात ते पत्र त्यांच्या नवऱ्याने, सुधाकररावांनी घेतलं. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. घाटात धुकं असलं की गाडी बाजूला घेऊन थांबायची, ही त्यांची शिस्त.

"सही केलीत?" बाईंनी विचारलं.

"केली. शनिवारी निघू या."

"अहो, काही नाहीये खाली. मी तुम्हाला किती वेळा सांगितलं?"

"तू पुस्तकातलं सांगतेस, अस्मिता. ते यंत्र आतलं बघतंय. फोटो आहे गं."

"फोटो नाही तो. लहरी सावकाश जातात एवढंच त्याला कळतं. वितळलेल्या खडकातून सावकाश जातात, तशाच पाणी भरलेल्या भेगाळ खडकातूनही जातात. आपल्या कुंडांखाली भेगा नसतील तर काय असेल? लाल रंग माणसाने दिलाय."

"तो माणूस शिकलेला आहे."

सत्तावीस वर्षं ज्या माणसाने आपल्यासाठी शाळेत डबा आणून दिला, त्याच्या लेखी आपण शिकलेले नव्हतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. "तुम्ही जा," त्या म्हणाल्या. "मी इथेच आहे." शनिवारी ते खरंच गेले. जाताना त्यांनी सिलिंडर भरून ठेवला आणि पंपाचं बटण कसं दाबायचं ते दोनदा सांगितलं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

गावात चाळीसएक माणसं उरली. त्यांत शेजारचे हसनभाई परकार होते. कुंडांची साफसफाई त्यांच्याकडे असायची. एका सकाळी गवत काढताना त्यांच्या घोट्याला फुरसं चावलं. त्यांच्या बायकोने, जुलेखाभाभींनी फोन केला. रुग्णवाहिका आली, पण फाट्यावरच्या फलकापाशी थांबली. चालकाने हात जोडले. आत शिरलो तर नोकरी जाईल, म्हणाला. हसनभाईंना रिक्षात घालून फाट्यापर्यंत न्यावं तर गावातली एकुलती रिक्षा बंद पडलेली. शेवटी चार जणांनी बाजेवर घालून सहा किलोमीटर चालत नेलं. सर्पदंशाची लस मिळाली ती साडेतीन तासांनी. हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी ते गेले.

दफन होऊन पंधरा दिवस झाले नव्हते, तोच त्याच फाट्यावरून, त्याच फलकाशेजारून लांबलचक पाइप लादलेले तीन ट्रेलर आत आले. कुंडांच्या वरच्या माळावर लाल-पांढऱ्या काठ्या ठोकल्या गेल्या. बाईंनी जाऊन विचारलं. हेल्मेट घातलेला अभियंता मोकळेपणाने बोलला. आता सूक्ष्मलहरींनी खडक वितळवत पाच-सहा किलोमीटर भोक पाडता येतं. खालची उष्णता वर आणायची, वीज करायची, ती मोठाल्या संगणककेंद्रांना द्यायची. जागा उत्तम आहे, म्हणाला.

"आणि ग्रामसभेची परवानगी?"

"लाल पट्ट्यात लागत नाही ना, मॅडम. आपत्ती निवारणाखाली येतं."

बाईंना एकदम सगळं दिसलं. त्या थेट फाट्यापर्यंत चालत गेल्या आणि मिळेल त्या वाहनाने पुण्याला निघाल्या.

*

प्राधिकरणाच्या इमारतीत सलोनीने त्यांना पाहिलं आणि ती जागेवरून उठून उभी राहिली.

"बाई, मी फोन करणारच होते."

"बस. वेळ कमी आहे. लाल डाग हा मॅग्मा आहे असं तुला वाटतं का?"

सलोनीने दार लोटून घेतलं. "वाटण्याचा प्रश्न नसतो इथे. नियम आहे. अमुक टक्क्यांपेक्षा लहरी मंद झाल्या की लाल. शंका असेल तर लाल. संचालकसाहेब म्हणतात, चुकून हिरवं दाखवलं आणि काही झालं तर तुरुंग. चुकून लाल दाखवलं तर कुणी मरत नाही."

"हसनभाई मेले."

सलोनीचा चेहरा उतरला. दोन वर्षं परकारांच्या घरून तिला ईदचा शीरखुर्मा येत असे. बाईंनी तिला सगळं सांगितलं. बाजेचं सांगितलं, हिरड्यांचं सांगितलं. काही सोडलं नाही. सलोनी टेबलाची कड धरून ऐकत राहिली.

"मला एवढंच सांग," बाई म्हणाल्या, "लाव्हा आहे की नाही हे ठरवायला दुसरा काही मार्ग नाही?"

"आहे," ती म्हणाली. "हेलियम. कुंडात बुडबुडे येतात ना, त्यांत हेलियम असतो, दोन जातींचा. एक हलका, पृथ्वी जन्मली तेव्हापासून खोल आत कोंडलेला. तो मॅग्मासोबतच वर येतो. दुसरा जड, तो इथल्याच जुन्या खडकांत युरेनियम-थोरियम झिजून तयार होतो. आइसलँडला, बॅरन बेटावर हलका भरपूर सापडतो. आपल्याकडे..."

"आपल्याकडे किती?"

"मी स्वतः नमुना घेतला होता, बाई. गेल्या मार्चमध्ये."

"मग तीनशे पानांत तो कुठे आहे?"

"परिशिष्टात होता. परिशिष्ट काढून टाकलं. नियमावलीत हेलियम नाही, म्हणून." तिचे डोळे भरले. "माझ्यावर कर्ज नाही, दबाव नाही, कुणी लाच दिली नाही. मी फक्त सही केली. सगळे करत होते."

"तेच मला झेपत नाहीये," बाई म्हणाल्या. "लाच घेतली असतीस तर तुझी घाण तरी कळली असती. तुला खरं माहीत होतं. तू आमच्या घरी राहून त्या कुंडांच्या पाण्याने पाय शेकलेस, सलोनी. मला वर्गात एका पोरीने विचारलं, तुम्ही खोटं शिकवता का? माझ्या नवऱ्याने विचारलं. आणि खोटं कोण लिहीत होतं? मी शिकवलेली मुलगी."

सलोनी रडू लागली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवावासा वाटला, तरी नाही. "नमुना कसा घेतात तेवढं लिहून दे," त्या म्हणाल्या.

तो घेणं अवघड नव्हतं. काचेतून हेलियम निसटतो, म्हणून तांब्याची नळी लागते. ती देवरुखच्या एका फ्रिजदुरुस्तीवाल्याने दिली. बुडबुड्यांवर उलटं नरसाळं धरायचं, वायू नळीतून वाहू द्यायचा आणि दोन्ही टोकं पकडीने चेपून बंद करायची. जुलेखाभाभींनी नरसाळं धरलं, मुक्ताने वेळ लिहिली. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेने तीन आठवड्यांनी आकडा कळवला. बाईंनी तो वाचला. हलका हेलियम जवळजवळ नव्हताच. त्यांना आनंद झाला नाही. हे इतकं सोपं होतं, याचा संताप आला.

*

जनसुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी एका मंगल कार्यालयात झाली. व्यासपीठावर संचालक विश्वंभर रणदिवे, शेजारी प्राधिकरणाचे लोक, दुसऱ्या रांगेत सलोनी. मागे पडद्यावर तापवलीचं पोट, मधोमध लाल. शिबिरातली माणसं बसने आणली होती. त्यांत सुधाकररावही होते, आणि ते बाईंकडे बघत नव्हते.

बाईंना तीन मिनिटं मिळाली. त्यांनी आकडा वाचला.

रणदिवे हसतमुख होते. "आपण शिक्षिका आहात, आपल्या भावना आम्ही समजू शकतो. पण नमुना तज्ज्ञाने घेतलेला नाही. आम्ही तो ग्राह्य धरू शकत नाही. शिवाय सावधगिरीने कुणाचं नुकसान होत नाही. चुकीच्या लाल रंगाने कुणी मरत नाही, मॅडम."

"माझा नवरा मेला," जुलेखाभाभी मागून म्हणाल्या.

"त्याबद्दल आम्हाला खेद आहे. पण तो सर्पदंश होता."

मग मात्र बाईंचा तोल सुटला. "साहेब, एका प्रश्नाचं उत्तर द्या. चौथी-पाचवीच्या मुलालाही पडेल असा प्रश्न आहे. तापवलीखाली लाव्हा खरंच असेल, तर त्याच्यावर भोकं पाडायला तुम्ही ट्रेलर कसे पाठवलेत? आणि लाव्हा नसेल, तर आम्हाला का उठवलंत? रुग्णवाहिका गेली तर चालकाच्या जिवाला धोका आणि पाइप गेले तर नाही? तुमचा लाव्हा माणसं ओळखतो का?"

टाळ्या वाजल्या नाहीत. लोक नुसतेच उठून उभे राहू लागले. रणदिवे पाणी प्यायले. "तांत्रिक बाबी आहेत. तज्ज्ञ सांगतील."

"सांगू देत की. तज्ज्ञ बसल्यात ना तुमच्या मागेच." बाईंनी दुसऱ्या रांगेकडे पाहिलं आणि वर्गात हाक मारावी तशी हाक मारली, "धनावडे सलोनी, उभी राहा. मार्चमध्ये तू नमुना घेतलास. तुझा आकडा सांग."

सलोनी उभी राहिली. कदाचित सवयीने, कदाचित ठरवून; हे तिला नंतरही सांगता आलं नाही. रणदिवे तिच्याकडे वळून काहीतरी पुटपुटले. तिने माइक घेतला.

"बाईंचा आकडा बरोबर आहे," ती म्हणाली. "माझाही तोच आला होता. हलक्या हेलियमचं जे प्रमाण साध्या हवेत असतं, त्याच्या विसाव्या भागाहून कमी. मॅग्मा असता तर ते हवेच्या सात-आठ पट आलं असतं. जमीन फुगली असती, खोल भूकंपांची भुणभुण ऐकू आली असती. यातलं काहीही नाही. तापवलीखाली भेगा आहेत आणि पाणी आहे. मला हे सही करताना माहीत होतं."

शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं.

सुनावणी 'तांत्रिक कारणास्तव' तहकूब झाली. पण तोवर शंभर फोनांनी ते चित्रित केलं होतं.

*

दीड महिन्याने प्राधिकरणाचं पत्र आलं. चार ओळींचं. तापवली 'लाल'मधून काढून 'पुनर्विचाराधीन' गटात घेण्यात येत आहे. फाट्यावरचा फलक निघाला, ट्रेलर परत गेले, शाळा उघडली. उपकेंद्रातली परिचारिका मात्र आली नाही. तिची दुसरीकडे बदली झाली होती. हसनभाईंचं नाव पत्रात नव्हतं. कुणाला शिक्षा झाल्याचंही ऐकिवात आलं नाही. सलोनी निलंबित झाली, गोपनीय माहिती उघड केल्याबद्दल.

सुधाकरराव वळकटी घेऊन परत आले. दारात उभे राहून म्हणाले, "चुकलं माझं."

"आत या," बाई म्हणाल्या. त्यांनी चहा टाकला, दोघं तो प्यायले. जायला यांना चित्र लागलं आणि यायला पत्र लागलं, हे बाईंच्या मनातून गेलं नाही. पुढेही कित्येक दिवस गेलं नाही. पण रोजच्यासारखा डबा शाळेत येऊ लागला आणि त्या तो खाऊ लागल्या.

त्याच आठवड्यात सलोनी आली. ओसरीच्या पायरीवरच थांबली. "बाई, माफी मागायला आले नाही. तेवढ्याने भागणार नाही, माहीत आहे मला." तिने पिशवीतून कागद काढला. "अजून सदतीस गावं आहेत. तुम्हाला आलेल्या पत्राचा निकाल फक्त तापवलीपुरता आहे. बाकीच्यांतली अकरा तर रिकामीही झाली. आठ ठिकाणी भोकं पाडायला घेतली आहेत."

बाईंनी यादी वाचली. वाचता वाचता त्यांचा श्वास जोरात चालू लागला. आपलं गाव सुटलं म्हणून आपण चहा पीत बसलो, याचा राग त्यांना आधी आला. मग बाकीचा.

"तुझी सही किती गावांवर आहे?"

"सगळ्या."

"मग सगळीकडे तू यायचं. लोक बोलतील ते उभं राहून ऐकायचं."

"हो."

पहिलं गाव कासारपाणी. दोघी पोचल्या तेव्हा ऊन चढलं होतं. गावाच्या तोंडाशीच शिबिराचा टेम्पो उभा होता. एक बाई, पदर खोचलेली, हंडे-कळश्या चढवत होती; एका हंड्यात कोंबडी बांधून ठेवलेली. चालक हॉर्न वाजवून घाई करत होता. सलोनीने आपलं नाव आणि आपण काय केलं ते सांगितलं. त्या बाईने ऐकून घेतलं. मग थुंकली आणि गोताडबाईंकडे वळली.

"तुम्ही तरी सरळ सांगा. आमच्या खाली लाव्हा हाय का नाय?"

नाही, हा शब्द बाईंच्या ओठांवर आला होता. सत्तावीस वर्षं शिकवलेलं सगळं ज्ञान त्याच शब्दाकडे बोट दाखवत होतं. तरी त्या थांबल्या. न बघता सांगणारे पुष्कळ होऊन गेले होते.

"नसावा. पण मला अजून माहीत नाही," त्या म्हणाल्या. "ते बघायलाच आलोय. तीन आठवडे लागतील. तोवर तुम्हाला इथून कुणी उठवायचं नाही."

सलोनी तांब्याच्या नळ्या घेऊन झऱ्याकडे उतरली. चालकाने पुन्हा हॉर्न दाबला, इंजिन चालू केलं. गोताडबाईंनी रस्त्यावरून एक दगड ओढला, टेम्पोच्या पुढ्यात बरोबर मधोमध मांडला, साडी सावरली आणि त्याच्यावर बसल्या.